मध्येच बोलणारा माणूस

लेक : थांबा थांबा, बाबा. हा मध्येच कोण बोलतोय?

बाबा : कोण बोलणार? सिनेमा बोलतोय.

लेक : सिनेमा नाही, हा बघा ना, हा... 'रखवालदार दीपगृहाचा जिना चढतो. त्याच्या खांद्यावर दोरी आहे.' अहो, तो चढतोय हे दिसतंय की आपल्याला. मग हा कोण सांगणारा?

बाबा : असतो एक. बोलतो बिचारा अधूनमधून. ऐकू दे ना गं.

आई : तू आधी ती उशी पाठीशी घे. आठवा महिना चालू आहे आणि बसलीयस बघ कशी तिरकी.

लेक : घेतलीय उशी. रिमोट कुठंय?

आई : असेल इथंच कुठेतरी.

लेक : तुझ्या मांडीखाली आहे.

आई : मग सापडला की.

लेक : दे इकडे. तुमचा ट्रॅक चुकलाय. ह्या सिनेमाला आवाजाचे चार ट्रॅक आहेत. मूळ भाषेतला एक, आपल्या भाषेतला साधा एक, दिग्दर्शकाच्या गप्पांचा एक, आणि हा एक. तुम्ही नेमका हाच लावून बसलाय.

बाबा : झालं! रविवारी दुपारीसुद्धा कचेरी उघडली बाईंनी.

लेक : माझं कामच ते आहे ना. दिवसभर कानांना हेडफोन लावून हेच तपासायचं, कुठल्या सिनेमाला कुठला आवाज चिकटलाय. परवा लहान मुलांच्या सिनेमाला मारामारीच्या सिनेमातला आवाज लागला होता. ससा तोंड उघडतो आणि आतून गुंड बोलतो.

बाबा : मग तसाच सोडायचा होतास, ठमे. सशाला जन्मात एकदा तरी रुबाब मिळाला असता.

लेक : हसवू नका, पोट दुखतं. दे गं आई.

आई : राहू दे ना आहे तो. तुझ्या बाबांना सवय झालीय.

लेक : सवय? कसली सवय?

आई : म्हणजे मला. मी तिकडे ओट्यापाशी काहीतरी करत असते, मान वर करायला फुरसत नसते. हा माणूस सांगत राहतो काय चाललंय ते. तेवढीच करमणूक. दुधाची तहान ताकावर.

लेक : आत्ता तर तू इथं बसलीयस. समोर.

आई : आत्ता बसलेय.

लेक : मग आत्तापुरता बदलते. हं, झाला. आता कसं छान, लाटा ऐकू येतात, पायऱ्या वाजतात. मघाशी तो माणूस सगळ्यावर बोलत होता. बाबा, आवाज बरा आहे ना?

बाबा : हो हो. फर्स्ट क्लास.

आई : बाई गं, वादळ येणारसं दिसतंय. ढग बघा केवढे आलेत. आणि हा शहाणा खिडकी उघडी टाकून खाली निघालाय.

लेक : आई.

आई : खाली होडी लागलीय. दोघं उतरलेत, एक म्हातारा आणि एक...

लेक : आई, त्या माणसाला काढून मी तुला लावलं का?

आई : सहज बोलले गं. तोंड आहे, बोलायचं नाही होय?

लेक : बोल, पण दुसरं बोल. तुझी बॅग कुठंय ते बोल. काल रात्री मी आले तेव्हा कपाटावर होती, आत्ताही कपाटावरच आहे. उद्या दहाची गाडी आहे आपली.

आई : भरू की. चार लुगडी-कपडे भरायला काय लागतं?

लेक : हे तू आल्यापासून तिसऱ्यांदा म्हणालीस. मी अशा अवस्थेत एकटी प्रवास करून तुला न्यायला आलेय, आई. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. तरी आले, कारण फोनवर तू नुसतं 'बघू' म्हणतेस. तुझी रजा मंजूर झालीय, बदली बाई मिळालीय. मग अडलंय कुठं?

आई : बदली बाई म्हणे! विशीतली पोर आहे ती. तिला काय कळतं शाळेच्या बसमधलं?

लेक : त्यात कळायचं काय आहे? दार उघडायचं, मुलं मोजायची, हात धरून उतरवायची. 

आई : तुला काय ठाऊक! बसमधली मावशी म्हणजे नुसतं दार उघडणारी बाई नव्हे.

लेक : बरं, नव्हे. पण बस काही तू चालवत नाहीस ना? बस बाबा चालवतात.

बाबा : जा की तू तिच्याबरोबर. पहिलं बाळंतपण आहे. आई नको का जवळ?

आई : तुम्ही गप्प बसा हो.

बाबा : मी काय वाईट बोललो? दोन महिन्यांचा तर प्रश्न. मी बघतो माझं.

आई : हो, बघताय!

लेक : आई, एक विचारू? खरं सांग. माझं काही चुकलंय का? तुला न विचारता दूर नोकरी धरली, त्याचा राग आहे का अजून?

आई : अगं नाही गं बाळा. काहीतरीच काय?

लेक : मग दुसरं काय समजू मी? शेजारणीची आई सातव्या महिन्यापासून येऊन राहिलीय. माझा नवरा पुढच्या महिन्यापर्यंत येऊ शकत नाही, तुला माहीत आहे. रात्री पाय सुजतात, उठवत नाही. मी उशीत तोंड घालून रडते आणि सकाळी फोनवर तुला 'मी मजेत' म्हणते. आणि तुला त्या बसची काळजी! माझ्यापेक्षा जास्त?

आई : असं बोलू नकोस. तोडून बोलू नकोस असं.

बाबा : अगं, सांग ना तिला येते म्हणून. ठमे, येईल ती. मी सांगतो ना.

आई : कसं सांगताय? कुठल्या तोंडानं सांगताय तुम्ही?

लेक : कुठंतरी पाणी मुरतंय. काय चाललंय तुमच्या दोघांत?

बाबा : काही नाही चाललेलं. सिनेमा चाललाय, तो बघ. तो म्हातारा काय म्हणतोय ऐक.

लेक : म्हातारा गेला, बाबा. केव्हाच गेला. आता तिथं एक बाई बोलतेय.

बाबा : तेच. ती बाई.

लेक : हा ट्रॅक कोणासाठी असतो, माहीत आहे तुम्हाला? तो मध्येच बोलणारा माणूस?

आई : आता नको ना गं तो विषय. चहा टाकू का?

लेक : ज्यांना पडदा दिसत नाही, त्यांच्यासाठी असतो. आमच्याकडे त्याला वर्णनाचा ट्रॅक म्हणतात. लिहिणारी माणसं वेगळी असतात त्यासाठी, दोन संवादांच्या मधल्या फटीत बसेल एवढंच लिहायचं. मी तपासताना डोळे मिटून तपासते.

आई : सांगितलं ना तुला, मीच लावते. ओट्यापाशी असते म्हणून.

लेक : आई, हा टीव्ही सगळं लक्षात ठेवतो. हे बघ, इथं यादी आहे. मागचे अकराच्या अकरा सिनेमे ह्याच ट्रॅकवर पाहिलेत. ह्यात तीन सिनेमे असे आहेत की तुला अजिबात आवडणार नाहीत, बॉक्सिंगचे. ओट्यापाशी उभी राहून तू बॉक्सिंग ऐकत होतीस? टीव्ही भिंतीवर होता, तो खाली स्टुलावर आणलाय, खुर्चीच्या तोंडाशी. मी म्हटलं, म्हातारपणाचे चोचले. काल रिक्षातून उतरले तेव्हा दारात उभ्या बसचा डावीकडचा आरसा कोरा करकरीत दिसला. विचारलं, तर बाबा म्हणाले, उभ्या बसला ट्रकनं मागून येऊन घासलं.

बाबा : घासलंच होतं.

लेक : बाबा, माझ्याकडे बघा.

बाबा : बघतोय की.

लेक : मी उजव्या हातात काय धरलंय?

बाबा : रिमोट. आणखी काय?

आई : पेरू आहे तो, अहो, मघाशी मी दिलेला, अर्धा खाल्लेला...

लेक : आई! तू आत जा.

आई : मी कशाला आत जाऊ? माझं घर आहे हे.

लेक : आत जा, आणि मी हाक मारल्याशिवाय बाहेर येऊ नकोस. खोकायचं नाही, भांडी वाजवायची नाहीत.

बाबा : ठमे, हे काय? पोलिसठाणं आहे का? सव्वीस वर्षं गाडी चालवतोय मी. एक ओरखडा नाही. परवाच तपासणी झाली डोळ्यांची, पास केलं त्यांनी.

लेक : मग घाबरता कशाला? जा गं तू.

(आई स्वयंपाकघरात गेली, पण नळ काही सुरू झाला नाही, म्हणजे कान इकडेच होते. लेकीनं सिनेमा थांबवला. पडद्यावर दीपगृहाचं उघडं दार, दारात कंदील घेतलेला रखवालदार, आणि चित्राच्या अगदी कडेला, भिंतीला पाठ लावून उभा असलेला एक लहान मुलगा.)

लेक : सांगा. काय दिसतंय?

बाबा : दार आहे. दारात तो बाप्या उभा आहे. हातात कंदील. झालं समाधान?

लेक : कंदील कुठल्या हातात?

बाबा : उजव्या. अगं, दिसतंय मला! आंधळा नाही मी.

लेक : आणि बाजूला?

बाबा : बाजूला काय? भिंत.

लेक : भिंतीपाशी?

बाबा : भिंतीपाशी काही नाही. अंधार आहे.

लेक : नीट बघा. वेळ घ्या. मी घाई करत नाही.

बाबा : बघितलं. कोणी नाही तिथं.

लेक : बाबा, तिथं एक मुलगा उभा आहे.

बाबा : कुठं?

लेक : तुमच्या डाव्या हाताला. सहा-सात वर्षांचा असेल. पिवळा सदरा आहे त्याच्या अंगात.

बाबा : ...मान वळवली की दिसतो. हा काय. आता दिसला. मान वळवायला लागते एवढंच.

लेक : किती दिवस झाले?

बाबा : हे बघ, समोरचं लख्ख दिसतं. अगदी स्वच्छ. फक्त कडा गेल्यात. नळीतून बघावं ना, तसं. आणि अंधाराचा सीन आला की गडबड होते. दिवसा नाही होत. आणि बस दिवसाच चालते.

लेक : डॉक्टरांना दाखवलं?

बाबा : दाखवलं. काचबिंदू म्हणाले. थेंब घालतो दोन वेळा, न चुकता. गेलं ते येणार नाही, आहे ते टिकेल म्हणाले.

लेक : आणि परवाच्या तपासणीत पास कसे झालात?

बाबा : समोरचा तक्ता वाचायचा असतो. वाचला. वीस वर्षं तोच तक्ता आहे त्या खोलीत, झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. कडेचं कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. झाकली मूठ.

लेक : आणि तुम्ही बस चालवता. शाळेची. बाबा, तीस-बत्तीस मुलं असतात तुमच्या बसमध्ये!

बाबा : एकतीस. एकजण दुसऱ्या शाळेत गेला.

लेक : चेष्टा करू नका!

बाबा : चेष्टा नाही करत गं. आकडा सांगितला. मी काय त्यांचा वैरी आहे का? तुझी आई असते ना शेजारी. ती सांगते.

लेक : काय सांगते?

बाबा : सगळं. दुचाकी डावीकडून, थांबा, उजवीकडे मोकळं. घरातून निघाल्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत तोंड मिटत नाही तिचं. मुलं म्हणतात, मावशी म्हणजे चालता रेडिओ. आता तर त्यांनाही खेळच झालाय. डाव्या बाजूची पोरं डावीकडचं ओरडतात, उजव्या बाजूची उजवीकडचं. 'काका, सायकल!' 'काका, म्हैस!' म्हैस नसते, उगाच ओरडतात. हसू येतं.

लेक : मला नाही येत हसू. म्हणजे त्या मुलांना माहीतसुद्धा नाही की ती तुमच्यासाठी रस्ता बघतायत. आणि उद्या आई माझ्याबरोबर आली असती तर? तुम्ही मघाशी म्हणालात, जा, मी बघतो माझं. काय बघणार होतात?

बाबा : नवी मुलगी येणारच होती ना. तिला शिकवलं असतं दोन दिवसांत. म्हटलं असतं, बाळ, जरा बाजूचं बोलत जा, मला गप्पांची सवय आहे. आणि रस्ता पाठ आहे मला. खड्डानखड्डा पाठ आहे.

लेक : तक्ता पाठ आहे तसा. पण रस्त्यावर मुलगा कुठं उभा राहील ते कसं पाठ करणार? आत्ता तुमच्यासमोर होता. तुम्ही शपथेवर सांगितलं असतंत की कोणी नाही.

आई : बस कर. तसाच उभा होता.

लेक : आई, तुला बाहेर येऊ नकोस म्हटलं होतं...

आई : तसाच. भिंतीला नाही, खांबाला पाठ लावून. पिवळा सदरा नव्हता, शाळेचाच होता. हातात पाण्याची बाटली होती.

बाबा : कोण? कोणाबद्दल बोलतेस?

आई : गेल्याच्या गेल्या गुरुवारी. आरसा फुटला तेव्हा.

बाबा : तेव्हा कोणी नव्हतं. खांब होता. तू छोटीला ओकारी झाली म्हणून तिला घेऊन खाली उतरलीस, बाकीची चारजणं उतरून घरी गेली, मी बस जरा पुढं घ्यायला गेलो आणि खांब लागला. तूच म्हणालीस, खांब होता, नशीब खांबावर निभावलं.

आई : चारजणं नव्हती गेली. तीन गेली होती.

बाबा : काय बोलतेयस?

आई : मागच्या बाकावरचा तो, दोन दात पडलेला, शिट्टी वाजवायला जातो आणि नुसती हवा निघते. त्याची आई यायला उशीर झाला होता, म्हणून तो खांबाला टेकून उभा होता. मी छोटीचं तोंड धुवत होते. वळून बघितलं तर बस त्याच्या अंगावर. ओरडले, पण घशातून आवाजच निघेना. रोज दिवसभर बडबड करते मी, आणि त्या वेळी एक शब्द फुटला नाही. तो आपणहून खाली बसला म्हणून. बाटली उचलायला वाकला म्हणून, अहो. आरसा त्याच्या डोक्यावरून गेला आणि खांबावर फुटला.

बाबा : किती अंतर होतं?

आई : नका विचारू.

बाबा : किती अंतर होतं, सांग.

आई : एक वीत. नसेलच तेवढंही. काच त्याच्या केसांत पडली होती. मी झटकली. म्हटलं, कुणाला सांगू नकोस हं राजा, काकांना ओरडा बसेल. त्यानं मान हलवली. पोरगं गुणाचं, खरंच नाही सांगितलं त्यानं.

लेक : आई, तू त्या एवढ्याशा पोराला...

आई : हो, सांगितलं. त्याला गप्प बसवलं मी. तेव्हापासून झोप नाही मला. डोळा लागला की ती काच दिसते केसांत. आता कळलं ना तुला, बॅग का भरली नाही ते? मी तुझ्याकडे यायचं आणि इकडे त्या विशीतल्या पोरीला काही ठाऊक नाही, ती आपली दारापाशी मोबाईल बघत उभी! मी कशी येऊ? आणि खरं सांगायचं तर तुला तरी कसं सांगू? इकडे आड, तिकडे विहीर.

बाबा : दहा दिवस झाले त्याला.

आई : झाले.

बाबा : दहा दिवस रोज दोनदा तो मुलगा माझ्या बसमध्ये चढला. मी त्याला म्हणायचो, काय शिट्टीवाले, आज गप्प गप्प? तू शेजारी बसून ऐकत होतीस.

आई : ऐकत होते.

बाबा : मला सगळं सांगतेस तू. म्हैस सांगतेस, खड्डा सांगतेस, कोणाच्या दारात नवी गाडी आली ते सांगतेस. हे एवढंच गाळलंस?

आई : सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी गाडीची किल्ली ठेवली असतीत.

बाबा : मग? ठेवायला नको होती?

आई : पाय मोडला होता तेव्हा चार महिने घरी होतात तुम्ही. आठवतंय? खिडकीकडे तोंड करून बसायचात. मी हाक मारली तर ओ नाही, जेवण वाढलं तर जेवायचं, नाही वाढलं तर नाही. मला वाटायचं, घरात माणूस आहे की नुसतं त्याचं कापड खुर्चीवर टाकलंय? बस सुरू झाली आणि पहिल्या दिवशी जिन्यात गाणं म्हणत आलात. मला तो माणूस परत घालवायचा नव्हता. दुसऱ्याचं पोर आणि आपला नवरा, ह्यात मी नवरा धरला. पाप केलं. कळतंय मला. डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं मी. तुमच्या डोळ्यांचं काय घेऊन बसलात, माझेच गेले होते.

लेक : आई, रडू नकोस. इकडे ये. बस इथं.

बाबा : रडू दे तिला. मीही काही वेगळं केलं नाही. कडा गेल्यात हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

लेक : बाबा, आता काय करायचं? मी इथं राहते. महिनाभर थांबते इथंच, बाळंतपण इथंच करू. पण बस...

बाबा : फोन लाव.

लेक : कोणाला?

बाबा : शाळेच्या गाड्या बघतात त्या साहेबांना. माझ्या फोनमध्ये सगळ्यात वर नाव आहे.

आई : अहो, आज रविवार आहे. उद्या सकाळी जाऊन शांतपणे सांगा. नीट बसून ठरवू, कसं सांगायचं ते. डोकं दुखतंय म्हणा, आठवडाभर रजा टाका. मग हळूहळू...

बाबा : उद्या पावणेसातला पहिली मुलगी येऊन उभी राहते रस्त्यावर. हळूहळू कसलं?

आई : सगळं एकदम सांगाल तर लायसन जाईल. लोक काय म्हणतील? शाळेसमोरून जाता येणार नाही आपल्याला.

बाबा : नाही येणार.

आई : आणि आरशाचं नका ना सांगू. निदान तेवढं तरी. डोळ्यांचं सांगा, पुरे आहे. त्या मुलाचं कोणालाच माहीत नाही.

बाबा : त्या मुलाला माहीत आहे.

लेक : लावू का?

बाबा : लाव. आणि दे इकडे, मीच बोलतो. तुम्ही दोघी मध्ये काही सांगू नका मला.

लेक : वाजतोय. घ्या.

बाबा : हॅलो. साहेब, मी बोलतोय, सात नंबरच्या बसवरचा. हो हो, नमस्कार. नाही, रविवारी त्रास दिला. नाही, बदली मावशीचं काही नाही, ती येऊ दे. बदली ड्रायव्हर लागेल साहेब. उद्यापासूनच. नाही, आठवड्याचा प्रश्न नाही, कायमचाच बघा. आजारी? आजारीच म्हणा. मला कडेचं दिसत नाही. काचबिंदू आहे. वर्ष होत आलं. हो, पास झालो होतो, तक्ता पाठ होता. बोला ना, बोला, तुमचं बरोबर आहे. ऐकतोय मी. अजून एक सांगायचंय साहेब. गेल्याच्या गेल्या गुरुवारी आरसा फुटला ना, तो ट्रकनं नाही फोडला. मी फोडला. खांबापाशी आपलं पोर उभं होतं, मागच्या बाकावरचं. नाही नाही, लागलं नाही त्याला. पण ते तिथं होतं, हे मला आज कळलं.